विश्लेषण : वीज आहे, पण कशी आहे? दुकाने, कारखाने, रुग्णालयांना वीजदर्जाची नोंद का हवी?

वीज गेली की सगळ्यांना कळते. दूरध्वनी खणखणतात, तक्रारी होतात, कधी मोर्चाही निघतो. पण वीज चालू असताना तिचा दाब घसरला, तीन फेजमधला तोल बिघडला किंवा तिची लहरच विद्रूप झाली, तर त्या क्षणी कोणाच्याच लक्षात येत नाही. लिफ्टचे कार्ड जळते, फ्रीजरचा कॉम्प्रेसर बसतो किंवा महिन्याचे बिल हाती पडते, तेव्हा त्याचा पत्ता लागतो. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या दाट व्यापारी पट्ट्यात हा न दिसणारा खर्च रोज होत असतो. तो थांबवायचा तर आधी मोजायला हवा. तो कसा मोजतात, आणि मोजल्याने काय साधते?

वीजदर्जा म्हणजे नेमके काय?

दूध डेअरीवर दूध लिटरने मोजले जातेच, पण फॅट आणि एसएनएफही तपासले जाते आणि भाव त्यावर ठरतो. विजेच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी फक्त लिटर मोजले जातात. किती युनिट वापरले हे मीटर सांगतो, ते कोणत्या दर्जाचे होते याची नोंद ग्राहकाकडे नसते.

आदर्श पुरवठा कसा असावा हे ठरलेले आहे. एका फेजचा दाब २३० व्होल्ट, दोन फेजमधला ४०० व्होल्ट, सेकंदाला ५० आवर्तने आणि लहर गुळगुळीत. लघुदाब ग्राहकासाठी दाबातील चढउतार सहा टक्क्यांच्या आत असावा, ही मर्यादा भारतात १९५६च्या वीज नियमांपासून रूढ आहे. म्हणजे २३० व्होल्टचा पुरवठा साधारण २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान राहायला हवा.

दर्जा पाच प्रकारे बिघडतो. दाब बराच काळ कमी किंवा जास्त राहणे, हा पहिला प्रकार. दुसरा, काही आवर्तने ते काही सेकंद एवढाच काळ दाब खाली बसणे किंवा उसळणे. तिसरा, तीन फेजमधील दाब सारखा नसणे. चौथा, लहरीचा आकार बिघडणे, ज्याला हार्मोनिक्स म्हणतात. पाचवा, दिवे लुकलुकतील असा सततचा बारीक चढउतार. पॉवर फॅक्टर हा खरे तर ग्राहकाच्या भाराचा गुण, पण तो याच उपकरणाने मोजला जातो आणि बिलावर थेट दिसतो. म्हणून त्याचा विचारही सोबतच केला जातो.

क्षणभराच्या घसरणीने एवढे काय बिघडते?

वीजवाहिनीवर कुठेतरी फांदी टेकली, जमिनीखालच्या केबलच्या सांध्यात पाणी शिरले किंवा शेजारच्या फीडरवर बिघाड झाला, तर संरक्षक यंत्रणा तो भाग तोडेपर्यंतच्या सेकंदाच्या काही अंशात आसपासच्या सर्व ग्राहकांचा दाब खाली बसतो. दिवा डोळा मिचकावल्यासारखा लुकलुकतो, एवढेच माणसाला दिसते. पण मोटार चालू ठेवणारा कॉन्टॅक्टर विजेच्या चुंबकावर धरलेला असतो. दाब निम्म्याच्या आसपास आला की तो दोन-चार आवर्तनांतच सुटू शकतो. एक आवर्तन म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. त्यामुळे दिवे चालू राहतात, पण लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकते, शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडतो, संगणकीकृत कटिंग यंत्र अर्धवट कापडावर थांबते.

अशा वेळी ‘वीज गेली नव्हती’ हे वीज कंपनीचे म्हणणे खरे असते आणि ‘यंत्र विजेमुळे बंद पडले’ हे ग्राहकाचे म्हणणेही खरे असते. दोन्ही खरी असूनही वाद मिटत नाही, कारण त्या अर्ध्या सेकंदाची नोंद ग्राहकाकडे नसते.

मोठ्या अंधाराचे तसे होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि महानगर प्रदेशाच्या मोठ्या भागाची वीज गेली, तेव्हा लोकल थांबल्या, चौकशा झाल्या आणि पारेषण वाहिन्यांच्या क्षमतेवर जाहीर चर्चा झाली. क्षणभराच्या घसरणीची चौकशी कोणी करत नाही. तिचे नुकसान शेकडो गाळ्यांत वाटले जाते आणि प्रत्येक जण ते आपापल्या दुरुस्तीच्या खात्यात टाकतो.

विठ्ठलवाडी-उल्हासनगरला हा प्रश्न जास्त का भेडसावतो?

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींतून घरे, घरांतून दुकाने आणि दुकानांच्या मागे कारखाने अशी या शहराची वाढ झाली. २०११च्या जनगणनेनुसार जेमतेम १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. कल्याणहून कर्जतकडे जाताना पहिले स्थानक विठ्ठलवाडी, पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. रुळांच्या दोन्ही अंगांना निवासी इमारती, जीन्स शिवणारे गाळे, फर्निचरची दुकाने, मिठाईवाले, रुग्णालये आणि शिकवणी वर्ग एकमेकांना खेटून आहेत.

विजेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एकाच रोहित्रावर फार वेगवेगळ्या स्वभावाचे भार आहेत. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत मोठा कारखाना स्वतःच्या उच्चदाब जोडणीवर आणि स्वतःच्या रोहित्रावर चालतो. तिथे दोष कुणाचा हे शोधणे तुलनेने सोपे. विठ्ठलवाडीच्या गल्लीत मात्र फॅब्रिकेशनवाल्याचे वेल्डिंग यंत्र, वरच्या मजल्यावरचा दवाखाना आणि शेजारचे आइस्क्रीमचे दुकान एकाच डीपीवरून वीज घेतात. वेल्डिंगचा प्रत्येक टाका दवाखान्यातल्या दिव्यात दिसतो.

यंत्रेही बदलली आहेत. शिवणयंत्राला पूर्वी क्लच मोटार असे. कारागिराने पायटा दाबला नाही तरी ती फिरत राहते, वीज खाते आणि रिकामी फिरताना पॉवर फॅक्टर पाडते. तिच्या जागी आलेली सर्व्हो मोटार गरजेपुरतीच फिरते, त्यामुळे युनिट वाचतात. पण तिच्या आतले इलेक्ट्रॉनिक्स लहरीचा आकार बिघडवते. एलईडी दिवे, इन्व्हर्टर एसी, संगणक, यूपीएस, लिफ्टचे व्हीएफडी ड्राइव्ह, वाहनांचे चार्जर यांचेही तसेच. वीज वाचवणारी जवळपास प्रत्येक नवी वस्तू थोडे हार्मोनिक्स मागे सोडते. याचा अर्थ जुन्या मोटारी परत आणाव्यात असा नाही. नव्या यंत्रांसाठी जुनी वायरिंग पुरेशी आहे का, हे पाहिले पाहिजे एवढाच.

हार्मोनिक्सचा धोका कुठे असतो?

५० आवर्तनांच्या मूळ लहरीवर १५०, २५०, ३५० आवर्तनांच्या लहरी चढतात, त्यांना अनुक्रमे तिसरे, पाचवे आणि सातवे हार्मोनिक म्हणतात. यातले तिसरे व्यापारी इमारतींत सर्वात त्रासदायक ठरते. तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर परतीच्या न्यूट्रल तारेत प्रवाह जवळपास शून्य असावा, असे वायरमन शिकलेला असतो. जुन्या इमारतींत म्हणूनच न्यूट्रल कधी कधी फेजपेक्षा बारीक टाकलेली आढळते. पण तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदत नाही, त्याची बेरीज होते. इलेक्ट्रॉनिक भार जास्त असेल तर न्यूट्रलमधला प्रवाह फेजपेक्षाही मोठा होऊ शकतो. गणिती टोक १.७३ पटीचे आहे. आणि न्यूट्रलवर सहसा एमसीबी किंवा फ्यूज नसतो. ती तापते, सांधा सैल होतो आणि कोणतेही संरक्षण पडत नाही.

सांधा तुटलाच तर पुढचे आणखी वाईट. न्यूट्रल सुटल्यावर एका फेजवरच्या उपकरणांना कमी आणि दुसऱ्यावरच्यांना तीनशे व्होल्टपलीकडे दाब मिळू शकतो. एका रात्रीत अख्ख्या मजल्यावरचे टीव्ही, फ्रीज आणि राउटर जळतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

असमतोलाचे गणितही कडक आहे. समजा, तीन फेजमधील दाब ४००, ३९० आणि ३८० व्होल्ट आहेत. सरासरी ३९०, सर्वात मोठा फरक १० व्होल्ट, म्हणजे असमतोल सुमारे अडीच टक्के. मोटारीच्या तापमानवाढीत किती टक्के भर पडेल, याचा ठोकताळा असमतोलाच्या वर्गाच्या दुप्पट इतका आहे. म्हणजे अडीच टक्क्यांच्या असमतोलाने ती वाढ साडेबारा-तेरा टक्क्यांनी जास्त होते. मोटारीच्या आतले तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिले तर वेष्टनाचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा दुसरा ठोकताळा. पंपाची मोटार दर वर्षी-दोन वर्षांनी रिवाइंड करावी लागत असेल, तर दोष प्रत्येक वेळी मोटारीचाच असतो असे नाही.

बिघाड बाहेरचा की आपल्याच इमारतीतला, हे कसे ओळखायचे?

वीजदर्जाची नोंद ठेवण्याचे सर्वात मोठे कारण हेच. दाब घसरला की बोट महावितरणकडे जाते, पण दोष अनेकदा मेन स्विचच्या आतच असतो. लिफ्ट, मोठा पंप किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. केबल बारीक किंवा सांधा सैल असेल, तर इमारतीचा दाब तेवढ्यापुरता खाली बसतो.

ओळखण्याची रीत सोपी आहे. घसरणीच्या क्षणी दाब आणि प्रवाह दोन्ही नोंदलेले हवेत. दाब पडला आणि त्याच क्षणी आपल्या मेन केबलमधला प्रवाह उसळला, तर कारण आपल्या आत आहे. दाब पडला पण प्रवाह उसळला नाही, तर कारण बाहेर आहे. रोज ठरावीक वेळी, लिफ्टच्या किंवा पंपाच्या वेळापत्रकाबरोबर घसरण येत असेल तर घरातच शोधावे. दुपारी दाब जास्त आणि सायंकाळी दुकाने उजळल्यावर कमी होत असेल, तर वाहिनीवरचा भार, रोहित्राची क्षमता, परिसरातले छतावरचे सौर प्रकल्प या गोष्टी तपासायला हव्यात.

नोंद नसली की महागडी चूक होते. दाबाचा त्रास समजून स्टॅबिलायझर घेतला जातो, पण मूळ दुखणे सैल न्यूट्रलचे असते. पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर बसवले जातात आणि ते हार्मोनिक्समुळे फुगतात, फुटतात. कपॅसिटर आणि रोहित्र मिळून एखाद्या हार्मोनिकशी सूर जुळला तर तो कित्येक पट वाढतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक भार जास्त असलेल्या ठिकाणी कपॅसिटरबरोबर डीट्यून्ड रिॲक्टर लावतात. सात टक्क्यांचा रिॲक्टर हा सूर १८९ आवर्तनांवर नेतो, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या खाली. तिसरे हार्मोनिक प्रबळ असेल तर १४ टक्क्यांचा लागतो, तो १३४ आवर्तनांवर नेतो. यातला कोणता हवा, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

बिलाशी याचा संबंध काय?

पूर्वी मोठ्या ग्राहकाला पॉवर फॅक्टरसाठी वेगळा दंड किंवा सवलत मिळे. १ एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॅटहून अधिक भाराच्या लघुदाब औद्योगिक व व्यापारी ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने आकारणीचे धोरण आले. त्यामुळे खराब पॉवर फॅक्टर थेट युनिटमध्येच मोजला जातो. काम १०० किलोवॅट-तासांचे झाले आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर बिलावर १२५ केव्हीएएच येतात. तोच ०.९८ असेल तर १०२. काम तेवढेच, पण आकारणीत २३ युनिटांचा फरक.

उलट टोकालाही जाऊ नये. रात्री यंत्रे बंद आणि कपॅसिटर चालूच राहिले, तर पॉवर फॅक्टर दुसऱ्या बाजूने बिघडतो आणि दाबही अकारण वाढतो. गाळेधारकाने आधी आपल्या बिलावर केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच हे दोन्ही आकडे पाहावेत. त्यांतील अंतर वाढत असेल तर मोजणीची वेळ आली आहे.

नोंद कशी ठेवतात?

दोन वाटा आहेत. पहिली, आठवडाभरासाठी ‘पॉवर क्वालिटी ॲनालायझर’ भाड्याने आणून किंवा तपासनीस बोलावून मेन पॅनलवर लावणे. दुसरी, पॅनलमध्ये कायमस्वरूपी मल्टिफंक्शन मीटर बसवून त्याची माहिती संगणकावर किंवा मोबाइलवर घेणे. पहिले उपकरण महाग, पण अचूक. दुसरे स्वस्त, मात्र साध्या मीटरला क्षणिक घसरण टिपता येतेच असे नाही. घेताना हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा.

मोजणीची पद्धत आयईसी ६१०००-४-३० या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवली आहे. त्यातील ‘ए’ वर्गाचे उपकरण वादात पुरावा म्हणून वापरण्याजोगे, ‘एस’ वर्गाचे सर्वेक्षणासाठी पुरेसे. ‘ए’ वर्गाचे उपकरण दर १० आवर्तनांचा गट मोजते आणि त्यातून तीन सेकंद, दहा मिनिटे आणि दोन तासांच्या सरासऱ्या काढते. दाब ९० टक्क्यांखाली गेला किंवा ११० टक्क्यांवर चढला की ती घटना स्वतंत्र नोंदवते. हा भाग महत्त्वाचा. एक पंचमांश सेकंदाची घसरण दहा मिनिटांच्या सरासरीत पूर्ण विरघळून जाते.

किमान एक आठवडा मोजावे, कारण शनिवार-रविवारची बाजाराची गर्दी आणि कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी यांचे चित्र वेगळे असते. उपकरणाचे घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवून घ्यावे. शेजारी एक वही ठेवून लिफ्ट अडकली, जनरेटर सुरू झाला, यंत्र थांबले अशा घटना वेळेसह लिहाव्यात. वहीतली वेळ आणि उपकरणातली वेळ एकमेकांवर ठेवली की अर्धे निदान होते. हार्मोनिक्ससाठी आयईईई ५१९ हे मानक प्रचलित आहे. एक हजार व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यात दाबाच्या लहरीतील एकूण विकृती आठ टक्क्यांच्या आत असावी, असे ते सांगते.

रुग्णालयांसाठी वेगळा विचार का?

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा आणि विद्युत तपासणीचे आदेश निघाले. अशी तपासणी आवश्यकच आहे. पण ती एका दिवसाची असते. तपासनीस येतो त्या दुपारी भार कमी असेल, तर रात्री एसी, वॉर्मर आणि ऑक्सिजन यंत्रे एकत्र चालताना न्यूट्रल किती तापते, हे त्याला दिसणार नाही.

छोट्या खासगी रुग्णालयांपुढे अडचण अधिक. निवासी इमारतीचे दोन मजले घेऊन ती सुरू होतात आणि जुन्याच केबलवर अतिदक्षता विभाग उभा राहतो. सततच्या नोंदीतून प्रवाहाचा हळूहळू वाढणारा कल आणि एका फेजवर साचत चाललेला भार महिनोन्महिने आधी दिसू शकतो. सांधा सैल झालेला आहे का, हे थर्मल कॅमेऱ्याने पाहावे लागते. दोन्ही मिळून केलेली तपासणी कागदावरच्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाची.

कायदा ग्राहकाला काय देतो?

वीज कायदा, २००३च्या कलम ५७नुसार वितरण कंपनीने सेवेची मानके पाळायची असतात आणि न पाळल्यास ग्राहकाला भरपाई द्यायची असते. कलम ४२मध्ये तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपालाची तरतूद आहे. या पट्ट्यासाठीचा मंच महावितरणच्या कल्याण परिमंडलात आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२१मध्ये आणलेल्या वीजपुरवठा संहिता आणि सेवा मानकांच्या विनियमांच्या नावातच ‘पॉवर क्वालिटी’ हे शब्द आले. त्याआधी २०१८मध्ये पुरवठ्याच्या दर्जासाठी आयएस १७०३६ हे भारतीय मानकही तयार झाले. म्हणजे ‘दर्जा’ हा आता विनंतीचा नव्हे, नियमाचा विषय आहे.

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हव्यात. एक, जबाबदारी दोन्ही बाजूंनी आहे. ग्राहकाने आपल्या यंत्रांचे हार्मोनिक्स वाहिनीवर सोडून शेजाऱ्याचा पुरवठा बिघडवणेही नियमांना मान्य नाही. दोन, मंचाकडून अप्रत्यक्ष नुकसानीची, बुडालेल्या नफ्याची किंवा हुकलेल्या संधीची भरपाई मिळत नाही. ऑर्डर हुकल्याचे पैसे परत येणार नाहीत. त्यामुळे नोंदीचा खरा उपयोग भरपाईपेक्षा बिघाड टाळण्यासाठी आणि दुरुस्ती नेमकी कुठे करायची हे दाखवून देण्यासाठी आहे. ‘व्होल्टेज नीट येत नाही’ या एका ओळीच्या अर्जाला उत्तर देणे सोपे असते. आठवडाभराची तारीख-वेळेसह नोंद जोडलेल्या अर्जाला प्रत्यक्ष तपासणी करावी लागते.

स्मार्ट मीटर आल्यावर हे काम आपोआप होईल का?

अर्धवट. राज्यात स्मार्ट मीटर बसवण्याचे काम सुरू आहे आणि त्यावरून वादही झाले आहेत. त्या वादात एक मुद्दा मागे पडला. भारतीय मानकांनुसारच्या या मीटरमध्ये दाब, प्रवाह आणि पॉवर फॅक्टर यांची ठरावीक कालांतराने नोंद होते. फेज गायब होणे, दाब मर्यादेबाहेर जाणे, असमतोल, वीज जाणे-येणे यांच्या घटनाही वेळेसह साठवल्या जातात. म्हणजे ग्राहकाला हवी ती बरीच माहिती त्याच्याच दारातल्या पेटीत असते.

हा मीटर वीजदर्जाचा ॲनालायझर नव्हे, सेकंदाच्या अंशातली घसरण किंवा हार्मोनिक्सचे बारकावे तो सांगणार नाही. पण आठवडाभर दाब किती वेळ मर्यादेबाहेर होता, एवढे तरी सांगू शकतो. ही माहिती आज प्रामुख्याने वसुली आणि वीजचोरी शोधण्याच्या कामी येते. तीच ग्राहकालाही त्याच्या मोबाइलवर सहज मिळायला हवी. ज्या मीटरने ग्राहकाची चूक पकडली जाते, त्याच मीटरने पुरवठ्याची चूकही दिसायला हवी. तसे झाले तर स्मार्ट मीटरविषयीचा अविश्वासही काही अंशी ओसरेल.

पुढे काय करता येईल?

प्रत्येक गाळ्याने स्वतंत्र ॲनालायझर घेणे परवडणारे नाही आणि तशी गरजही नाही. एका इमारतीच्या किंवा एका डीपीवरच्या गाळेधारकांनी मिळून वर्षातून दोनदा, एकदा एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आणि एकदा दिवाळीपूर्वीच्या हंगामात, आठवडाभराची मोजणी केली तरी पुष्कळ साध्य होईल. व्यापारी संघटनेने एक उपकरण घेऊन ते आळीपाळीने फिरवणे हा त्याहून स्वस्त मार्ग. रुग्णालये, मोठी व्यापारी संकुले आणि शीतगृहे यांनी मात्र कायमस्वरूपी नोंद ठेवायलाच हवी.

महावितरणनेही प्रत्येक रोहित्राच्या पातळीवरील दाबाची आणि असमतोलाची माहिती उपविभागवार नियमित जाहीर करावी. कोणत्या डीपीवर भार एका फेजवर कलला आहे हे कळले, तर जोडण्या फेजनिहाय वाटून तो दुरुस्त करणे हे एका दिवसाचे काम असते. रेल्वे हेच मोठ्या प्रमाणावर करते. २५ हजार व्होल्टच्या एकेरी फेजचा भार ग्रिडवर एकाच बाजूला कलू नये, म्हणून लगतच्या टप्प्यांना वेगवेगळ्या फेजमधून वीज दिली जाते. त्यांच्या सीमेवरच्या न्यूट्रल सेक्शनमधून लोकल जाताना डब्यातले दिवे-पंखे क्षणभर बंद होतात, हे प्रवाशांच्या परिचयाचे आहे. जे रुळांवर जमते ते त्यांच्या शेजारच्या गल्लीत जमायला हरकत नाही.

या साऱ्यात सर्वात कमी बोलला जाणारा घटक कारागीर आहे. लहान कारखान्यांत शिवणकामाची मजुरी बहुधा नगावर ठरते. दिवसातून चार वेळा यंत्रे थांबली, तर मालकाचा माल उशिरा जातो, पण कारागिराची त्या दिवसाची कमाईच घटते. त्याची तक्रार कोणत्याही मंचाकडे जात नाही, कारण वीज जोडणी त्याच्या नावावर नसते. म्हणून गाळामालकाने पॅनलमध्ये मीटर बसवला, संघटनेने अर्जाला नोंद जोडली आणि महावितरणने डीपीवरचा भार सारखा वाटला, तर त्याचा पहिला लाभ यंत्रावर बसलेल्या माणसाला होईल.